शेगडीपलीकडे

हॉटेलच्या दारातच काळा एप्रन घातलेल्या मुलीने त्यांच्यापुढे एक मोठी प्लास्टिकची पिशवी उघडून धरली. "कोट, शाली, स्वेटर, सगळं यात घाला. गाठ मारून बाकाखाली ठेवते. नाहीतर धुराचा वास लागतो कपड्यांना, दोन-दोन धुण्यांत जात नाही," ती म्हणाली. दिवसभर हेच म्हणत असावी, तरी हसून म्हणाली. बायकोने शाल काढून तिची घडी घातली, लेकीने जॅकेट कोंबलं. त्याने स्वेटर वर ओढला आणि मान अडकली. नेहमीच अडकायची, स्वेटरचा गळा लहान आणि त्याचं डोकं मोठं. क्षणभर तो त्या लोकरीच्या अंधारात उभा राहिला, हात वर, पोट उघडं, आणि त्याने श्वास घेतला. काही नाही. लोकर नाकाला टोचत होती, ओठांना लागत होती, आतली ऊब गालांवर जाणवत होती. पण लोकरीला वास नव्हता. कपाटातल्या डांबरगोळ्यांना नव्हता, त्याच्या स्वतःच्या घामाला नव्हता. बाहेरून लेक म्हणाली, "बाबा, आत झोपलात की काय?" बायको हसली आणि तिने बाही धरून स्वेटर ओढून काढला, लहान मुलाचा काढतात तसा. विस्कटलेल्या केसांनी तो उजेडात आला आणि म्हणाला, "काय मस्त वास सुटलाय गं इथे!"

हे वाक्य तो आता न अडखळता म्हणायचा. वाफ दिसली की म्हणायचं, झाकण उचललं गेलं की म्हणायचं, कुणी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला की आपणही घ्यायचा आणि मान डोलवायची. गेल्या हिवाळ्यातल्या तापाने त्याची वास घेण्याची ताकद नेली होती. ताप उतरला, खोकलाही हळूहळू गेला, आणि एका सकाळी तो स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत बसलेला असताना बायको न्हाणीघरातून ओरडत आली, "अहो, दूध जळतंय, समोर बसलायत ना तुम्ही?" पातेलं काळं झालं होतं. तो म्हणाला, बातमीत गुंगलो होतो. तेव्हा त्याला खरंच तसं वाटलं होतं. मग दिवसभर तो घरातल्या एकेका वस्तूपाशी नाक नेत हिंडला. कांदा, रॉकेल, साबण, बुटांचं पॉलिश. सगळ्या वस्तू काचेच्या कपाटात ठेवल्यासारख्या, दिसायच्या, हाताला लागायच्या, पण आपणहून त्याच्याकडे काही यायच्या नाहीत. नाकाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं. "येईलही परत. नाहीतर नाही येणार. सांगता येत नाही," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. त्याने घरी सांगितलं नाही. कामावर तर नाहीच. तो फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचा आणि वर्कशॉपमध्ये त्याला सगळे 'नाक' म्हणायचे. मोटर जळलीय की नुसती वायर तापलीय, हे तो म्हणे गिऱ्हाइकाच्या दारात चपला काढता काढता सांगायचा. आता तो सगळं उघडून, मीटर लावून बघायचा. काम व्हायचंच. उशीर व्हायचा, इतकंच. "नाक हल्ली फार चौकशी करून निदान करतं," असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, तोही हसला.

टेबलाच्या मधोमध शेगडी होती. तिच्यावर जाळी, आणि वरून छतातून खाली उतरलेला एक पितळी नळ, हत्तीची सोंड उतरावी तसा, धूर ओढून घ्यायला. बसल्या बसल्या त्याने हात वर नेऊन नळाच्या तोंडाशी धरला. "ओढ कमी आहे. जाळी भरली असणार आतली," तो म्हणाला. "झालं, आले कामावर!" बायको लेकीला म्हणाली. लेकीला ते दोघे चिमी म्हणायचे; नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत ती परवाच कायम झाली होती आणि आजची पार्टी तिची होती. तिने सगळं समजावून सांगितलं. कच्चं मांस ते आणून देतात, आपण आपलं भाजायचं. संपलं की ही बेल दाबायची, पुन्हा आणतात. कितीही वेळा. "कितीही?" बायकोने विचारलं. "कितीही. पोट भरेपर्यंत. फक्त ताटात टाकायचं नाही." बायकोचा विश्वास बसेना. तिने आजूबाजूच्या टेबलांकडे असं पाहिलं, जणू कुणीतरी आता उठून या गोष्टीला हरकत घेईल. मग मांसाचे पातळ, गुलाबी काप आले, कोंबडी आली, कोळंबी आली, लाल मसाल्यात मुरलेला कोबी आला, हिरवीगार पानं आली आणि एक मोठी कात्री आली. मांस कात्रीने कापायचं असतं हे कळल्यावर बायको खुदकन हसली. ती पडदे शिवणाऱ्या कारखान्यात होती, दिवसभर तिच्या हातात कात्रीच असायची. "सुट्टीच्या दिवशीही बेतायचंच का मी?" ती म्हणाली, पण कात्री तिने दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिने काप एकसारखे कापले, जाळीवर रांगेने मांडले, कडा जुळवून.

तो खात राहिला. तिखट कळायचं, आंबट कळायचं, मीठ कळायचं. पण कोबी आणि लिंबू यांत फरक फक्त दातांना कळायचा. मांस म्हणजे गरम, ओलं आणि थोडं चिवट. कोळंबी म्हणजे गरम, ओली आणि करकरीत. या वर्षात तो खूप खायला लागला होता, आणि बायकोला वाटायचं तापानंतर भूक उघडली. ती कौतुकाने वाढत राहायची. त्याला भूक नव्हती. प्रत्येक घासाला त्याला वाटायचं, पुढच्यात असेल. पुढच्या घासात ते परत येईल, दाराआडून कुणी एकदम पुढे यावं तसं, आणि मग तो खाणं थांबवेल. इथे तर बेल होती. तो बेल दाबायचा, थाळी यायची, तो भाजायचा, खायचा, पुन्हा बेल दाबायचा. पोट गच्च झालं होतं आणि तो तिथेच होता, उंबऱ्याबाहेर. आईच्या उशीचा अभ्रा त्याने ती गेल्यावर न धुता एका पिशवीत बांधून ठेवला होता. फार उघडायचा नाही, उघडून उघडून संपेल म्हणून. वर्षातून एखाद्या वेळी, घरी कुणी नसताना, गाठ सोडून नाक आत घालायचा, की डोक्याला लावायचं तेल, औषधाचा बाम आणि त्याखाली नुसती ती, दुपारची झोपलेली. तापानंतर त्याने पिशवी उघडली. आत एक मळकट कापड होतं. त्या दिवशी त्याला असं झालं की आई गेल्याचा फोन आत्ता आलाय आणि घरात सांगायचंय, पण घरात सगळ्यांना ते केव्हाचं ठाऊक आहे.

"बाबा, तुम्ही गप्प का? आवडलं नाही का?" लेकीने विचारलं. "आवडलं नाही म्हणतेस? बेल झिजवली त्यांनी," बायको म्हणाली. जाळीच्या वरची हवा तापून थरथरत होती आणि तिच्यापलीकडे बायकोचा चेहरा पाण्यात दिसावा तसा हलत होता. कपाळावर घाम, कानाशी चिकटलेली पांढरी बट. हातभर अंतर. त्याला वाटलं, तिच्याइतकं दूर आज या जगात कुणी नाही. पूर्वी कामावरून आला की तो आधी तिच्या मशीनपाशी जायचा. घरीही तिचं मशीन होतं, खिडकीत. ती शिवत असायची, तो मागून वाकून तिच्या मानेत, केस वर बांधलेले असायचे तिथे, नाक खुपसून उभा राहायचा. ती म्हणायची, "अहो, सुई जाईल बोटात! लेक मोठी झाली, जरा तरी!" पण पाय मशीनच्या पट्टीवरून काढायची. दिवस तिथे संपायचा. तिथून पुढे घर सुरू व्हायचं. तापातून उठल्यावर, दूध जळाल्यानंतरच्या संध्याकाळी, तो असाच वाकला. मान कोमट होती, बारीक केस ओठांना लागले. आणि काही नव्हतं. तिचा फोटो कुणी ऊब देऊन उभा केला होता. तो इतका घाबरला की एकदम मागे सरकला. "काय झालं?" तिने मान न वळवता विचारलं. "काही नाही, उसण भरली," तो म्हणाला. त्यानंतर तो मशीनपाशी गेला नाही. आधी वाटायचं, आज नको, उद्या वास आला की जाऊ. मग दोघांनाही सवय झाली. ती भिंतीकडे तोंड करून झोपू लागली, पलंगाच्या पार कडेला, मध्ये तिसरा माणूस झोपेल एवढी जागा ठेवून. त्याला वाटायचं, कळलंय तिला. काय कळलंय ते त्याला नीट सांगता आलं नसतं, पण बायकांना कळतं, आणि ती रागावलीय, आणि तिचं बरोबर आहे.

"आई, चल, तिकडे भात आणि भाज्या आहेत, बघून तरी घे," लेक उठली. "बाबा, एवढं लक्ष ठेवा हं. एक बाजू झालीय, जरा वेळाने उलटवा." दोघी गेल्या. त्याने चिमटा हातात घेतला. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याने तळहातावर एक पान पसरलं, त्यात भाजलेला काप ठेवला, लसणाची पाकळी ठेवली, वर थोडी तांबडी चटणी लावली आणि पुरचुंडी करून थेट म्हातारीच्या तोंडापाशी नेली. "अहो, एवढा मोठा घास कसा मावेल?" म्हातारी म्हणाली. "मावेल, आ कर," म्हातारा म्हणाला. तिने आ केला. गाल फुगवून ती चावत राहिली, डोळ्यांत पाणी आलं, बहुतेक लसणाने, आणि नाकातून श्वास सोडत तिने हाताने खूण केली, झकास. तो बघत राहिला. माणसाने दुसऱ्याच्या सुखाकडे असं बघू नये, हे त्याला कळत होतं. म्हातारीच्या नाकातून निघालेल्या त्या एका श्वासाचा त्याला इतका हेवा वाटला की चिमटा हातात आहे हेच तो विसरला.

"अहो साहेब! जळतंय तुमचं!" म्हातारा त्याच्याकडे बोट दाखवत ओरडला.

काप कोळसा झाले होते. चरबी खाली ठिबकून जाळ वर आला होता, तो कमी ओढीचा नळ धूर पुरता ओढत नव्हता, आणि त्याच्या कोपराशी ठेवलेला कागदी रुमाल कडेने तांबूस होऊन आत आत जळत चालला होता. पूर्ण हॉल त्याच्याकडे वळला होता. काळ्या एप्रनची मुलगी धावत आली, तिने रुमालावर पाणी ओतलं, जाळी चिमट्याने उचलून नेली. "होतं असं, नवी आणते," ती म्हणाली. बायको दोन्ही हातांत भाताच्या वाट्या घेऊन उभी होती. "अहो, मला तिकडे त्या टोकाला वास आला, मी धावत आले. तुमच्या नाकाखाली..." ती बोलता बोलता थांबली. वाट्या तिने हळूच टेबलावर ठेवल्या. "लक्ष नव्हतं गं," तो म्हणाला. लेकीला कुणाचा तरी फोन आला होता, ती काचेच्या दाराबाहेर हातवारे करत बोलत होती. बायको त्याच्या समोर बसली आणि तिने टेबलाखालून वर आणलेली मूठ शेगडीवरून त्याच्या नाकापाशी धरली. "डोळे मिटा," ती म्हणाली. "काय पोरकटपणा..." "मिटा ना. सांगा, कशाचा वास आहे?" त्याने डोळे मिटले. श्वास घेतला, तिला ऐकू जाईल असा. तिच्या बोटांची ऊब वरच्या ओठाला लागली. टेबलावर काय काय होतं ते त्याने मनात भराभर आठवलं. म्हाताऱ्याचं पान आठवलं. "लसूण," तो म्हणाला. "कळतोय की चांगला. झोंबतोय नाकाला."

त्याने डोळे उघडले तेव्हा तिने मूठ उघडलेली होती. हात रिकामा होता. सुईने टोचलेली बोटं, कात्रीने पडलेला घट्टा, आणि काही नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून."

"म्हणजे ते दूध..."

"हो."

"आणि रोजचं ते? काय सुटलाय वास, काय सुटलाय वास?"

"वाफ दिसायची मला."

ती हसणार असं त्याला वाटलं. तिचा ओठ तसा हललाही. पण ती हसली नाही. नवी जाळी आली, मुलगी ती बसवून गेली. मग बायको खाली बघत, कुणाला तरी हिशेब समजावून सांगावा तशा आवाजात बोलू लागली. "मी साबण बदलला. आधी मोगऱ्याचा आणला, मग चंदनाचा. मग चिमीच्या त्या बाटलीतलं थोडं थोडं लावायला लागले, तिला न विचारता. दिवसातून दोनदा आंघोळ करते मी. तुम्हाला दिसलं नाही? मला वाटलं, माझ्या अंगाला काहीतरी वास यायला लागलाय. या वयात होतं म्हणतात. तुम्ही त्या दिवशी असे मागे सरलात, जसं कुणी नासकं काही हुंगलं. डॉक्टरीणबाईंना विचारायला गेले मी. लाज वाटत होती, तरी गेले. त्या म्हणाल्या, काही नाही हो, मनाचे खेळ. मी म्हटलं, नवरा कशाला खेळेल? मग मी त्या कडेला जाऊन झोपायला लागले, तुम्हाला त्रास नको म्हणून."

एवढं वर्ष एका पलंगाच्या दोन कडांना दोन माणसं आपापलं नसलेलं पाप अंगाखाली दाबून पडून होती. त्याला ती मधली जागा दिसली, चादरीची न विस्कटलेली पट्टी, सकाळी जी त्याला नीटनेटकी म्हणून बरीच वाटायची. चंदनाचा साबण आठवला, पिवळसर. त्यानेही त्याच साबणाने अंग धुतलं होतं. "का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "उद्या येईल असं वाटायचं. रोजच वाटायचं." "एवढं एक सांगायला काय झालं होतं? मी काय हसले असते?" "नाही. तू विचारलं असतंस." "काय विचारलं असतं?" त्याने नजर जाळीकडे वळवली. तिला कळलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलंच, "माझाही नाही येत?"

"नाही," तो म्हणाला.

लेक आइस्क्रीमच्या तीन वाट्या छातीशी धरून आली आणि दोघांचे चेहरे पाहून उभीच राहिली. "काय झालं? भांडलात? माझ्या पार्टीत?" "तुझ्या बाबांना वास येत नाही," बायकोने पदराने डोळे टिपत सांगितलं. "कसला?" "कसलाच. वर्षभर." लेक सावकाश खाली बसली. तिने बापाच्या दंडावर हात ठेवला आणि काही वेळ नुसता ठेवूनच दिला. मग एकदम म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी माझ्या खोलीत आलात तेव्हा तुम्हाला..." आणि जीभ चावली. "खोलीत काय?" बायकोचं डोकं ताठ झालं. "काही नाही." "चिमे, खोलीत कसला वास होता?" "उदबत्तीचा." "तुझ्या खोलीत, उदबत्ती?" त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, ते गच्च भरलेलं पोट दुखेपर्यंत. बायकोही हसली, रागावलेली असूनही, आणि हसता हसता पुन्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेजारच्या म्हाताऱ्याने चौकशीच्या नजरेने पाहिलं आणि मग सौजन्याने मान वळवली.

बायकोने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि बेल दाबली. "अगं, आता कोण खाणार?" लेक म्हणाली. "कितीही म्हणालीस ना?" थाळी आली. तिने काप कापले, जाळीवर टाकले, आणि वाकून, नाक धुराजवळ नेऊन, शिवण तपासताना कपाळाला पडते ती आठी पाडून म्हणाली, "आता आधी नुसता कच्चट. लोखंड ओलं झाल्यासारखा. थांबा. आता गोड यायला लागलाय, मांस मुरवलंय त्या रसातली साखर जळतेय. फार नाही. आता... आता कसा सांगू? भूक लागलेली असताना शेजारच्यांच्या घरातून येतो ना, तसा." तिने तो काप पानात गुंडाळला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. त्याने आ केला. गरम, ओलं, थोडं चिवट. वास आला नाही. तो चावत राहिला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. त्याने मान हलवली, नाही. ती म्हणाली, "बरं. मग कोळंबी." कोळंबी तिला सांगता आली नाही. "कोळंबीचा कोळंबीसारखाच येतो, त्याला मी काय करू!" तिळाचं तेल तिने बोटाला लावून हुंगलं आणि म्हणाली, कपाटाचा कप्पा खूप दिवसांनी उघडावा तसा, पण चांगल्या माणसाच्या कपाटाचा. लेक चमचा तोंडात तसाच धरून आईकडे बघत होती. आई असं काही बोलू शकते हे तिला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं.

"आणि तू?" त्याने विचारलं.

"मी काय?"

"तुझा कसा येतो?"

"इश्श. मला माझा कसा येईल? स्वतःचा कुणाला येतो का? ते तुम्हाला ठाऊक." एवढं बोलली आणि तिचा चिमटा धरलेला हात जाळीच्या वर तसाच राहिला. तिला जे आत्ता सुचलं तेच त्यालाही त्याच वेळी सुचलं असावं. लेक आइस्क्रीमकडे बघू लागली, एकाएकी फार लक्षपूर्वक. त्याने डोळे मिटले नाहीत. त्याने जाळीवरच्या थरथरत्या हवेतून तिच्याकडे पाहिलं आणि आठवलं, एकेक करून, घाई न करता, जिना चढून यावं आणि दार उघडंच असावं तसं. "आधी कोऱ्या कापडाचा," तो म्हणाला. "खळ असते ना त्यात, तो. केसांत अडकलेला असतो. मग मशीनच्या तेलाचा, अगदी जरासा, उजव्या बाजूला जास्त, तू त्या हाताने बट मागे सारतेस म्हणून. आणि त्याच्या खाली, कानाच्या मागे, चिरलेल्या काकडीचा."

"काहीतरीच! काकडीचा?"

"काकडीचा. उन्हाळ्यात जास्त. आणि तू चिडलेली असलीस की काडी पेटवून विझवल्यासारखा."

तिने चिमटा खाली ठेवला. जाळीवरचे काप कडेने काळे पडायला लागले होते, पण तिघांतल्या कुणीही ते उलटवले नाहीत. तिने पदर सावरला, कानामागची ती बट बोटांनी मागे सारली आणि टेबलावर दोन्ही कोपरं टेकून पुढे वाकून बसली.

"पुढे?" ती म्हणाली.